शाळासोबती

संध्याकाळीं साडेपांच वाजतां कोणत्याहि माध्यमिक शाळेच्या फाटकासमोर थोडा वेळ उभें राहिलें तर एक चमत्कारिक दृश्य दृष्टीस पडतें. घंटा होऊन दहा मिनिटें लोटलेलीं असतात. दिवसभर हीं मुलें एकाच वर्गांत, एकाच बाकावर, खांद्यास खांदा लावून बसलेलीं असतात; तरीहि त्यांचीं पावलें घराकडे वळत नाहींत. सायकलीच्या दांडीवर कोपर टेकून आणि दप्तर पाठीवर तसेंच ठेवून चार मुलांचें कोंडाळें रस्त्याच्या कडेस उभें असतें. पलीकडे भिंतीच्या सावलींत तीन मुली डोकीं एकत्र करून कांहीं तरी बोलत असतात व मधूनच तोंडावर हात ठेवून हंसत असतात. आणि या सर्वांपासून जरा दूर एक मुलगा वांकून बुटाची नाडी बांधीत असतो. नाडी सुटलेली नसते. कोणाची तरी हांक येईल या आशेनें तो वेळ काढीत असतो.

हींच मुलें घरीं आलीं म्हणजे निराळीं होतात. "आज शाळेंत काय झालें?" या प्रश्नास "कांहीं नाहीं" एवढेंच उत्तर मिळतें. तासभर जें फाटकाशीं संपत नव्हतें तें बोलणें उंबरठ्याशीं आटून जातें. वडिलांस वाटतें, मित्रांच्या नादानें मुलाचा अभ्यास बुडाला. आईस वाटतें, कालपर्यंत पदराशीं घुटमळणारें मूल आज परक्यासारखें वागूं लागलें. आणि झोपाळ्यावर बसलेली आजी निर्वाळा देते, "आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं."

आजीच्या या बोलण्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. परंतु तिच्या म्हणण्यांत ऐतिहासिक सत्याचा मोठा अंश आहे, आणि तिच्या आजीच्या बाबतींत तर तें अक्षरशः खरें आहे. तेराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतचें, स्वतःच्या निवडीच्या सोबत्यांत घालविण्याचें असें एक वय समाजांत पूर्वीं जवळजवळ नव्हतेंच. बालपण होतें आणि त्यानंतर एकदम संसार होता. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली कीं सासरीं जाण्याची तयारी होई. ज्या वयांत आजची मुलगी आठवीच्या वर्गांत मैत्रिणीच्या वहीवर आपलें नांव कोरते, त्या वयांत तिची पणजी सासूच्या नजरेखालीं चुलीपुढें बसलेली असे. मुलगा वडिलांच्या पेढीवर, शेतावर किंवा भिक्षुकींत हाताशीं लागे. दोघांनाहि सोबत मिळे ती वारशानें मिळे: चुलतभाऊ, आतेबहिणी, त्याच वाड्यांतलीं आणि त्याच जातीचीं मुलें. मित्र निवडावयाचा असतो ही कल्पना त्या व्यवस्थेंत बसतच नव्हती.

हें बदललें तें माध्यमिक शाळेमुळें. पुण्यांत १८८० सालच्या पहिल्या दिवशीं न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालें. १८८४ सालीं हुजूरपागा ही मुलींची माध्यमिक शाळा उघडली. रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांच्यासारख्या मंडळींचा तिला आधार होता. त्या मुलींच्या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर 'केसरी'नें त्या काळीं कठोर टीका केली, ही गोष्ट येथें मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. अकरा ते पांच असे तास मुली घराबाहेर राहिल्या तर त्यांना घरकामाचें वळण कसें लागणार, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. आज हा आक्षेप कोणासहि पटणार नाहीं. परंतु आक्षेप घेणारांनीं एक मर्म बरोबर ओळखलें होतें. शाळा केवळ पुस्तकें शिकवीत नाहीं. ती मुलाचे दिवसाचे सहा तास घराच्या हातून काढून समवयस्कांच्या हातीं देते. पुढें १९२९ सालीं सारडा कायदा मंजूर झाला व १ एप्रिल १९३० पासून विवाहासाठीं मुलीचें वय किमान १४ आणि मुलाचें किमान १८ ठरलें. १९७८ सालच्या दुरुस्तीनें तीं वयें १८ आणि २१ झालीं. विवाह जसजसा पुढें सरकला आणि शाळा जसजशी लांबली, तसतशी या दोहोंच्या मध्यें कांहीं वर्षांची एक मोकळी जागा निर्माण झाली. त्या जागेंत आज कोट्यवधि मुलेंमुली राहतात. घरांतील वडील माणसांना ती जागा अपरिचित वाटावी यांत नवल नाहीं, कारण ती बांधून अजून फार दिवस झालेले नाहींत.

या वयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम विस्तारानें केला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनले हॉल यांनीं. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथांत त्यांनीं पौगंडावस्था म्हणजे वादळाचा काळ असें चित्र रेखाटलें. हें वादळ प्रत्येक मुलाच्या आयुष्यांत आलेंच पाहिजे असें नंतरचे अभ्यासक मानीत नाहींत. पुष्कळ मुलें हीं वर्षें मोठ्या तंट्यावांचून पार करतात. तथापि एका गोष्टीविषयीं फारसा मतभेद उरलेला नाहीं. आतांपर्यंत स्वतःची किंमत आईवडिलांच्या डोळ्यांत पाहणारें मूल या वयांत ती समवयस्कांच्या डोळ्यांत पाहूं लागतें. तें आईवडिलांस टाकून देत नाहीं. पुढें ज्या पिढीबरोबर त्याला नोकरी, व्यापार, संसार आणि नागरिकत्व चालवावयाचें आहे, त्या पिढींत आपली जागा कोठें आहे, हें तें चांचपून पाहत असतें. "कांहीं नाहीं" या उत्तराचा अर्थ बहुधा एवढाच असतो कीं, जें झालें तें अजून त्याचें त्यालाच नीट उमगलेलें नसतें.

बाहेरून पाहणारास हा सारा व्यवहार केवळ गोंधळ वाटतो. पण त्यालाहि एक क्रम असतो. डेक्स्टर डन्फी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानें सिडनी शहरांतील मुलांच्या रस्त्यावरील, घरांतील व समुद्रकांठच्या टोळक्यांचें निरीक्षण करून १९६३ सालीं तो क्रम मांडला. प्रथम मुलांचे निराळे आणि मुलींचे निराळे असे चार-सहा जणांचे लहान कंपू असतात. मग हे कंपू एकमेकांच्या जवळपास घोटाळूं लागतात. मोठ्यानें बोलणें, चिडविणें, उगीच हंसणें हें या काळाचें लक्षण. त्यानंतर कंपूंतील पुढारी तेवढे एकमेकांशीं खरोखर बोलूं लागतात, आणि हळूहळू मुलें व मुली मिळून एक मोठा मेळा बनतो. शेवटीं हा मेळाहि विरळ होतो व आपापल्या जोडीदारांसह लोक पांगतात. सिडनी आणि सोलापूर यांत अंतर पुष्कळ आहे, आणि हा क्रम सर्वत्र तंतोतंत लागू पडेल असें नाहीं. परंतु आपल्याकडील एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आधींचे पंधरा दिवस ज्यांनीं जवळून पाहिले असतील, त्यांना त्याच्या खुणा सहज ओळखतां येतील. वर्षभर एकमेकांकडे न पाहणारीं मुलेंमुली नाटकाच्या तालमींत, पडदा ओढण्यावरून आणि दाढीमिशा कोणी आणावयाच्या यावरून भांडूं लागतात. आणि संमेलन पार पडल्यावर वर्ग पूर्वींचा राहत नाहीं. कामाच्या निमित्तानें झालेली ही ओळख फार निकोप असते, कारण तींत प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याऐवजीं समोरच्या कामाकडे पाहावयाचें असतें.

आतां या सोबतीच्या सामर्थ्याचा विचार केला पाहिजे. कारण पालकांच्या मनांतील धास्ती सर्वस्वी खोटी नाहीं. अमेरिकेंत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ व्यक्तींस, तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण आणि चोवीस वर्षांवरील प्रौढ अशा तीन गटांत घेऊन, यंत्रावर मोटार हांकण्याचा एक खेळ खेळावयास लाविलें. दिवा पिवळा झाल्यावर गाडी थांबवावयाची कीं आणखी थोडी दामटावयाची, हें खेळणारानें ठरवावयाचें होतें. कांहींना एकटें बसविलें, कांहींना समवयस्कांच्या देखत. सोबती पाहत असतांना धोका पत्करण्याची वृत्ति वाढते असें दिसून आलें, आणि ही वाढ प्रौढांपेक्षां लहानांत ठळक होती. म्हणजे मुलाला धोका समजत नाहीं असें नव्हे. एकटा असतांना तो समजूतदारपणें वागतो. चार डोळे पाठीमागें असले म्हणजे तीच समजूत दुबळी पडते. परीक्षेंत पहिला येणारा मुलगा तिघांबरोबर दुचाकीवर भरधांव कां सुटतो, या कोड्याचें उत्तर यांत आहे. त्याला उपदेश कमी पडलेला नसतो. उपदेश त्याला तोंडपाठ असतो.

परंतु जें सामर्थ्य पाय घसरवितें तेंच सामर्थ्य पाय रोंवूनहि उभें करतें. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार येथें शाळकरी मुलांनीं झेंडा घेऊन मिरवणूक काढिली, आणि पोलिसांच्या गोळीबारांत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती मृत्युमुखीं पडले. त्यांचें वय विशीच्याहि आंतलें होतें. त्या दिवशीं एकेकटें मूल रस्त्यावर आलें असतें किंवा नाहीं हें कोणी सांगावें. तीं सोबतीनें आलीं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या काळांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं हें सामर्थ्य निराळ्या रीतीनें ओळखलें होतें. छात्रालयांतील मुलांसाठीं ते हातानें लिहून एक दैनिक काढीत. घरापासून दूर आलेल्या मुलांना रोज सकाळीं वाचावयास, बोलावयास आणि वाद घालावयास एक सामाईक विषय मिळे. मुलांची सोबत मोडून काढण्याचा प्रयत्न गुरुजींनीं केला नाहीं. त्या सोबतीला त्यांनीं खाद्य पुरविलें. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा जमाव कांहीं तरी करणारच. त्याच्यापुढें करण्यासारखें काय ठेविलें आहे, हा प्रश्न वडील माणसांचा आहे.

वर्गांत कोणाला मान मिळतो, हेंहि बव्हंशीं मुलेंच ठरवितात. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञानें अमेरिकेच्या इलिनॉय राज्यांतील दहा माध्यमिक शाळा पाहून १९६१ सालीं एक ग्रंथ लिहिला. शाळेंत आपली आठवण कोणत्या नात्यानें राहावी, हुशार विद्यार्थी म्हणून, पटाईत खेळाडू म्हणून, कीं सर्वांचा आवडता म्हणून, असें त्यानें मुलांना विचारलें होतें. मुलांचा ओढा खेळाडू होण्याकडे अधिक दिसला. आपल्याकडील शाळांत गुणांची प्रतिष्ठा पुष्कळ अधिक आहे. पण येथेंहि प्रत्येक वर्गाची एक अलिखित यादी असतेच. तींत कोणाच्या घरीं मोटार आहे, कोण इंग्रजी झोंकांत बोलतो, कोणाच्या अंगावर मोठ्या भावाचा सदरा आहे, कोणाच्या डब्यांत काय आहे, या साऱ्यांचा हिशेब असतो. शिक्षकांच्या हजेरीपत्रकांत ही यादी नसते. परंतु शेवटच्या बाकावरील मुलालाहि तींतील आपला क्रमांक ठाऊक असतो.

आणि या यादींत ज्याला क्रमांकच मिळत नाहीं, त्याचें काय? २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत कांहीं तरुण विद्यार्थ्यांना पडद्यावर चेंडूफेकीचा साधा खेळ दिला होता. तिघांत चेंडू फिरत असतो; थोड्या वेळानें उरलेले दोघे आपसांतच चेंडू फेकूं लागतात आणि तिसऱ्याकडे तो येईनासा होतो. पैसा नाहीं, बक्षीस नाहीं, समोर माणूसहि नाहीं. तरी वगळल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूंत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशीं ज्यांचा संबंध लावितात त्यांपैकीं एक भाग अधिक जागृत झालेला आढळला. खेळांत चेंडू न मिळाल्यानें जर असें होतें, तर वर्षानुवर्षें मधल्या सुटींत एकट्यानें डबा खाणाऱ्या मुलाचें काय होत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

या देशांत तर वगळण्याला केवळ लहरीचा नव्हे, धर्माचा आणि रूढीचा आधार होता. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचा वृत्तान्त दिला आहे. वर्गांत त्यांना निराळें बसावें लागे, तेंहि घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर; तो तुकडा संध्याकाळीं घरीं परत न्यावा लागे, कारण वर्ग झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायानें नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाहीं. पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत ते गेले. तेथील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केला आहे. शिक्षकांनीं त्यांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेविलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गांतील मुलें ते उचलण्यास धांवलीं. हीं मुलें दुष्ट होतीं असें म्हणतां येत नाहीं. त्यांच्या घरांनीं त्यांना जें शिकविलें तें त्यांनीं वर्गांत करून दाखविलें. मुलांच्या सामाजिक जीवनांत वडील माणसें हजर नसतात हा समज किती वरवरचा आहे, तें या एका प्रसंगावरून दिसतें. वडील माणसें तेथें असतात. तीं डब्याच्या झांकणाखालीं बसलेलीं असतात.

याच्या अगदीं उलट उदाहरण त्याच साताऱ्यांत घडलें. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यांत वसतिगृह चालू केलें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस असें नांव देण्यांत आलें. मुलांच्या पोटासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि, विकलें. तेथें समतेवर व्याख्यानें झालीं असतीलच. पण रोजची पंक्ति हें त्या वसतिगृहाचें खरें व्याख्यान होतें. ज्याच्या शेजारीं बसून चार वर्षें भाकरी खाल्ली, त्याचा विटाळ मानणें पुढें जन्मभर शक्य होत नाहीं. या वयांत जडलेली संवय पुढील आयुष्याचा स्वभाव होऊन बसते.

तेव्हां मुलाला मित्र असावेत हें ठरलें; पण ते किती असावेत? येथें पालकांची दुसऱ्या टोकाची चूक होते. आपला मुलगा वर्गांत सर्वांचा आवडता असावा, त्याच्या वाढदिवसास तीस मुलें यावींत, असें कांहींना वाटतें. व्हर्जिनिया विद्यापीठांतील जोसेफ ॲलन व त्यांचे सहकारी यांनीं एकाच मुलांच्या गटाचा तेराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत मागोवा घेतला आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, तेराव्या वर्षींच मोठेपणाचा आव आणून वर्गावर छाप पाडणाऱ्या मुलांचा तेविसाव्या वर्षापर्यंतचा वृत्तान्त आहे. त्यांची ती छाप लवकरच ओसरली, आणि पुढें व्यसनें व कायदा यांच्याशीं निगडित अडचणी त्यांच्या वांट्यास अधिक आल्या. २०१७ सालच्या दुसऱ्या एका निबंधांत १६९ जणांची माहिती आहे. पंधरा-सोळाव्या वर्षीं ज्यांना एखादा जिवाभावाचा मित्र होता, त्यांच्यांत पंचविसाव्या वर्षीं चारचौघांत वावरण्याची भीति कमी आणि स्वतःविषयींची किंमत अधिक आढळली; केवळ लोकप्रिय असणारांना हा लाभ झाला नाहीं. एक खरा मित्र पुरेसा असतो. ज्या मुलाला असा एक आहे, त्याच्या आईनें इतरांची मोजदाद करण्याचें कारण नाहीं.

मुलामुलींच्या परस्पर ओळखीचा प्रश्न अनेक घरांत अजूनहि न बोलतां सोडविला जातो, म्हणजे सोडविला जात नाहीं. मुलीच्या वहींत एखाद्या मुलाच्या हातची टिपणें सांपडलीं कीं घरांत कुजबूज सुरू होते. तीच वही मैत्रिणीची असती तर कोणी उघडूनहि पाहिली नसती. जें उजेडांत सहज घडलें असतें तें अशा धाकानें अंधारांत जातें, आणि अंधारांत गेलेल्या गोष्टींत सल्ला देण्याचा मार्ग उरत नाहीं. एकत्र तालीम, एकत्र सहल, घरच्या माणसांच्या देखत एकत्र अभ्यास, यांत जो मुलगा मुलीशीं साध्या सोबत्याप्रमाणें बोलण्यास शिकला, तो पुढें कचेरींत व संसारांतहि तिच्याशीं माणुसकीनें वागण्याचा संभव अधिक.

अलीकडे या साऱ्या व्यवहारांत हातांतल्या फोनची भर पडली आहे. कंपू, यादी, चिडविणें, वगळणें यांपैकीं कांहींहि त्यानें नवीन निर्माण केलेलें नाहीं. परंतु शाळा सुटल्यावर पूर्वीं त्यांना जी रात्रभराची विश्रांति मिळे ती त्यानें काढून घेतली. वर्गाच्या गटांतून काढून टाकलेल्या मुलीला तें रात्रीं दहा वाजतां, अंथरुणावर, एकटी असतांना कळतें. याच्या उलट बाजूचाहि अनुभव याच पिढीनें घेतला. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि शिकवणें पडद्यावर आलें. धडे शिकवून झाले. पण मधली सुटी पडद्यावर आणतां आली नाहीं. २०२१ सालीं महाराष्ट्रांत दहावीची परीक्षाच रद्द झाली व अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. त्या वर्षींच्या मुलांना गुण मिळाले. ज्या बाकावर दोघांनीं मिळून शेवटच्या दिवशीं नांवें लिहावयाचीं, तो बाक मात्र पुष्कळांना मिळाला नाहीं. शाळा म्हणजे काय, हें त्या वर्षीं अनेक घरांना शाळेवांचून कळलें.

मग घरानें करावें काय? पहारा ठेवून मैत्री थांबत नाहीं, आणि डोळे मिटून ती सुधारत नाहीं. या बाबतींत पुण्यांतील एका घराची गोष्ट आठवण्यासारखी आहे. ब्रह्मदेशांत १९०५ सालीं जन्मलेली एक मुलगी सातव्या वर्षीं शिक्षणासाठीं हुजूरपागेंत आली. तेथें रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला ही तिची सोबतीण झाली. मैत्रिणीबरोबर ती त्यांच्या घरीं जाऊं लागली, आणि परांजपे कुटुंबानें तिला आपल्याच मुलीप्रमाणें वाढविलें. त्या घरांतील पुस्तकें, चर्चा आणि मोकळेपणा तिला मिळाला. हीच पुढें समाजशास्त्रज्ञ व लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेली इरावती कर्वे. परांजप्यांच्या घरानें आपल्या मुलीच्या मैत्रीची चौकशी केली नसेल असें नाहीं; पण चौकशीसाठीं त्यांनीं दार बंद केलें नाहीं, तें उघडें ठेविलें. मुलाचे मित्र कसे आहेत हें जाणण्याचा याहून खात्रीचा उपाय नाहीं. त्यांना घरीं बोलवावें, पोहे द्यावेत, आणि मग खोलींतून निघून जावें.

आणि ज्याला बोलावण्यास मित्रच नाहीं, त्याच्यासाठीं एखादें वडील माणूस पुरतें. शाळा सुटल्यावर मुंबईच्या चर्नी रोडवरील बागेंत एक विद्यार्थी एकटाच पुस्तक वाचीत बसलेला असे. विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचें तिकडे लक्ष गेलें. त्यांनीं त्याची विचारपूस केली. १९०७ सालीं तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हां केळुसकरांनीं त्याला स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. ज्याला पाहून वर्गानें डबे उचलले होते, तोच हा भीमराव आंबेडकर. केळुसकर त्याच्या शाळेचे नव्हते, जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते. एकटें बसलेलें मूल त्यांना दिसलें, एवढाच त्यांचा संबंध.

पन्नाशी उलटलेलीं माणसें हल्लीं दहावीच्या सोबत्यांचे मेळावे भरवितात. टक्कल पडलेले गृहस्थ एकमेकांस शाळेंतल्या टोपणनांवानें हांक मारितात आणि कोणत्या वर्षीं कोणाला किती गुण मिळाले हें कोणासहि आठवत नाहीं. आठवतें तें हें कीं, पावसांत कोणी छत्रींत घेतलें, आणि सहलींत कोणाच्या शेजारीं कोणी बसलें नाहीं. आज जीं मुलें फाटकाशीं उभीं आहेत त्यांचीहि अशीच एक आठवण या घटकेस तयार होत आहे. त्यांपैकीं एखादा आपलें बोलणें मध्येंच थांबवून, नाडी बांधीत बसलेल्या त्या मुलाला "अरे, येतोस का?" म्हणून हांक मारील किंवा मारणार नाहीं. ती हांक मारण्याचें वळण शाळेंत लागत नाहीं. संध्याकाळीं घरीं पाहुण्याला, शेजाऱ्याला आणि कामाच्या बाईला कोण कोणत्या शब्दांत हांक मारतो, तें ऐकत ऐकत तें लागतें.